गोल भिंतीवरच्या फळ्या: कापायचं काय, वाकवायचं काय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. साताऱ्यातल्या तुमच्या घरी हॉलची एक भिंत आतून गोलाई घेतलेली आहे. त्या भिंतीला धरून पुस्तकांसाठी पाच फळ्या लावायच्या आहेत, आणि सगळ्यात वरच्या फळीचं डावं टोक गोल वळवून थेट जमिनीपर्यंत आणायचं आहे. त्यासाठी तुम्ही १८ एमएमच्या एमआर प्लायच्या दोन शीट आणल्या. एका शीटची पट्टी कापून दोन दिवस टाकीत भिजवली आणि दोरीने ताणून बघितली. ती वाकली तर नाहीच, वर कडेचे थर सुटले. आता तुम्ही विचारताय की वाफ किती वेळ द्यावी.

वाफ देऊच नका. मी सांगलीत गेली बरीच वर्षं फर्निचरचं काम करतो. घरी काम करणाऱ्यांची अशी अडचण कानावर आली की मी आधी एकच विचारतो: गोलाई नेमकी कुठे आहे? तुमच्या कामात दोन गोलाया आहेत आणि त्या दोन वेगळ्या जातीच्या आहेत. भिंतीला धरून जाणारी गोलाई फक्त वरून बघितल्यावर दिसते. फळी स्वतः सपाटच असते, तिच्या पुढच्या-मागच्या कडा तेवढ्या गोल असतात. ती वाकवायची नसतेच, करवतीने कापून काढायची असते. वरच्या फळीचं खाली उतरणारं टोक मात्र खरोखर वळतं. म्हणजे पाचही फळ्यांसाठी तुम्हाला काहीच वाकवायचं नाही, आणि वळणाच्या जागी जे वाकवायचं आहे ते १८ एमएम अख्ख्या जाडीत वाकवायचं नाही.

बैलगाडीचं जुनं लाकडी चाक आठवा. त्याचा घेर एकसंध लाकूड वाकवून केलेला नसतो. बाभळीचे तुकडे गोलाईत तासून एकाला एक जोडलेले असतात आणि बाहेरून लोखंडी धाव त्यांना आवळून धरते. आपल्याकडच्या सुतारांनी जाड लाकडाची गोलाई पिढ्यान्‌पिढ्या अशीच केली आहे.

प्लाय का वाकली नाही तेही सांगतो, म्हणजे पुन्हा पाण्याकडे वळणार नाही. प्लायमध्ये एका थराचे रेषे उभे, तर पुढच्याचे आडवे असतात. ती सपाट राहावी म्हणूनच तशी बनवतात. कुठल्याही बाजूला वाकवा, निम्मे थर अडवणारच. अमेरिकन प्लायवूड असोसिएशनच्या तक्त्यात साधारण ६ एमएम प्लायला कमीत कमी त्रिज्या दोन फूट दिली आहे, तीही वरच्या थराचे रेषे वळणाला आडवे असतील तर. रेषे वळणाच्या दिशेने असतील तर पाच फूट. १९ एमएमला हेच आकडे बारा फूट आणि वीस फूट आहेत. आपल्या बाजारातल्या प्लायच्या गाभ्यात तुकडे जोडलेले असतात, मधे पोकळ्याही निघतात, म्हणून मी याहून थोडी सैलच त्रिज्या धरतो. तुमच्या भिंतीची त्रिज्या सव्वाचार फुटांच्या आसपास आहे (हिशोब पुढे येतो). १८ एमएम तिथे वाकणं शक्यच नव्हतं.

आणि पाणी. एमआर म्हणजे ओलसर हवा सोसणारी प्लाय, पाण्यात राहणारी नव्हे. उकळत्या पाण्यात ७२ तास टिकण्याची कसोटी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायला असते, एमआरला नाही. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत आम्ही घराघरांतली कपाटं उघडत होतो, तेव्हा एमआरच्या फळ्या वहीच्या पानांसारख्या सुट्या झालेल्या होत्या. तुमच्या टाकीत तेच झालं, फक्त छोट्या प्रमाणावर.

वाफेवर लाकूड वाकवतात हे खरं आहे. युरोपातल्या थोनेट या फर्निचरवाल्याची १८५९ ची प्रसिद्ध १४ नंबरची खुर्ची तशीच केलेली आहे. पण ते बीच नावाच्या झाडाचं सलग लाकूड, पुरतं न वाळवलेलं, बाहेरून लोखंडी पट्टीचा आधार देऊन वाकवलेलं. एक इंच जाडीला साधारण तासभर वाफ लागते आणि डब्यातून काढल्यावर साच्यावर चढवायला मिनिटसुद्धा मिळत नाही. भट्टीत वाळवलेलं लाकूड त्यात तडकतं, सागवानही फारसं साथ देत नाही. प्लायला तर वाफ देणं म्हणजे तिचा डिंक सोडवणंच. घरच्या पुस्तकांच्या फळीसाठी या वाटेला जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

आता काम. सुरुवात भिंतीपासून करा. फळीच्या उंचीवर भिंतीच्या दोन बिंदूंमध्ये दोरी ताणा, समजा चार फूट, म्हणजे १२०० मिलिमीटर. दोरीच्या मध्यापासून भिंत किती आत आहे ते मोजा. ते १५० निघालं तर हिशोब असा: दोरीच्या निम्म्याचा वर्ग, भागिले मधल्या अंतराची दुप्पट, अधिक मधल्या अंतराचं निम्मं. ६०० चा वर्ग भागिले ३००, म्हणजे १२००. त्यात ७५ मिळवले की त्रिज्या १२७५ मिलिमीटर, चार फूट दोन इंच. तुम्ही फोटोवर लिहिलेल्या मापांवरून मी हेच आकडे धरतोय. फळी दहा इंच खोल घेतली तर पुढच्या कडेची त्रिज्या १०२५ येते.

हे आकडे नियोजनासाठी झाले. कापायचं मात्र फर्म्यावरूनच, कारण गवंड्याच्या हातचं प्लास्टर कधीच खऱ्या वर्तुळात नसतं. जाड पुठ्ठा भिंतीला लावा, पेन्सिल एका छोट्या ठोकळ्याला टेकवून भिंतीच्या कडेने फिरवा, पुठ्ठा कापून परत लावून बघा. फटी जाईपर्यंत हे करा आणि मग तोच आकार ६ एमएम प्लायवर उतरवून पक्का फर्मा बनवा. पाचही उंचींवर तो फिरवून बघा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो, तो नंतर पुट्टीत किंवा पातळ बीडिंगमध्ये झाकला जातो. जास्त फरक असेल तर त्या फळीसाठी वेगळा फर्मा करा. या टप्प्यावर घाई करू नका. एक अख्खी दुपार यात गेली तरी ती सार्थकी लागते, पुढचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

शीटवर आखणी करताना बहुतेक जण फळ्या शीटच्या आडव्या अंगाला मांडतात, कारण तशा जास्त बसतात. पण शीटच्या वरच्या थराचे रेषे आठ फुटी लांबीने धावतात. फळीची लांबी त्याच दिशेने ठेवली तर फळी ताठ राहते, आडवी घेतली तर लवकर झोल खाते. तुमच्या मापाच्या फळ्या एकात एक बसवून, लांबीने दोन आणि रुंदीत तीन, अशा सहा निघतात. लागतात पाच, म्हणजे एक हाताशी राहते. शीटवर एका फळीच्या पुढच्या कडेपासून शेजारच्या फळीच्या पुढच्या कडेपर्यंत २८५ मिलिमीटर ठेवले की रुंदीतला साधारण ९४० चा भाग वापरला जातो आणि कडेला पावणेतीनशेची आठ फुटी पट्टी सलग उरते. ती जपून ठेवा, टोकाच्या वळणाची उभी फळी तिच्यातूनच निघेल. हे सगळं न कापलेल्या शीटवर करा.

कापायला जिगसॉ पुरते. बारीक दाताचं ब्लेड लावा. साधं ब्लेड वर येताना कापतं, त्यामुळे चांगली बाजू खाली ठेवा, नाहीतर कडेला कपचे उडतील. रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर ठेवून कापा आणि उरलेलं ट्रिमरने (कड छाटायच्या छोट्या मशीनने) फर्म्यावरून काढा. ट्रिमर नसेल तर पॉलिश पेपर त्याच गोलाईच्या ठोकळ्याला गुंडाळून घासा. सपाट ठोकळ्याने आत गेलेली कड कधीच नीट होत नाही, मधे उंचवटे राहतात. शीटवरच्या सगळ्यात खालच्या फळीच्या पुढच्या कडेतून निघालेला गोल तुकडा टाकू नका. त्याचं काम पुढे आहे.

आधाराचा भाग परिस्थितीवर अवलंबून आहे. पुस्तकांचं वजन मी फुटाला दहा किलो धरतो, म्हणजे तुमच्या एका फळीवर चाळीस किलो. गोल फळी फक्त दोन टोकांना टेकवली तर तिचा मधला फुगवटा टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या बाहेर राहतो आणि फळी पिरगळायला बघते. सरळ फळीला हा त्रास नाही. म्हणून आधार भिंतीवरूनच हवा. त्यासाठी अख्खी गोल पट्टी करायची गरज नाही. सागवानाचे सहा-सहा इंचांचे सुटे ठोकळे भिंतीवर ओळीने लावा. एवढ्या लांबीला तुमच्या गोलाईत ठोकळ्याच्या मध्याशी जेमतेम दोन मिलिमीटर फट राहते. त्याशिवाय दर फळीला तीन लोखंडी ब्रॅकेट, आठ इंची हाताचे, नाहीतर दहा इंच पुढे आलेली फळी वजनाने पुढे झुकेल. भिंत विटांची असेल तर ८ एमएमच्या गिट्ट्या आणि लांब स्क्रू चालतात, पण स्क्रूने प्लास्टर ओलांडून विटेत चांगला शिरकाव केला पाहिजे. काँक्रीट असेल तर हॅमर ड्रिल लागेल. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र) ब्लॉकची भिंत असेल तर साध्या गिट्ट्यांवर पुस्तकं लावू नका, त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर मिळतात ते घ्या. भिंत कशाची आहे हे तुमच्या प्रश्नात नाही. ड्रिलमधून लाल भुकटी येते, करडी की पांढरी, एवढं बघितलं तरी कळेल.

आता दर्शनी पट्टी. कापलेल्या प्लायच्या कडेला थर उघडे दिसतात, ते झाकायला वखारीतून सागवानाच्या एक सूत जाड आणि दीड इंच रुंद पट्ट्या चिरून आणा. सांगलीत आम्ही टिंबर एरियातून आणतो. साताऱ्यातही कुठलीही वखार चिरून देईल, फक्त सरळ रेषांचं, गाठ नसलेलं लाकूड निवडा. कोरडं लाकूड थंडच वाकवताना मी त्रिज्या जाडीच्या किमान शंभरपट असावी असं धरतो. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर आणि तुमची त्रिज्या १०२५, तेव्हा पट्टी हाताने सहज बसेल. अशा दोन पट्ट्या एकावर एक चिकटवा. पट्टी फळीच्या वरच्या पृष्ठभागाशी एकरेषेत ठेवा, म्हणजे खाली पाऊण इंच लोंबेल. त्यात ब्रॅकेटचा हात लपतो आणि फळीला पुढून ताठपणाही येतो.

इथे साचा म्हणून फळीच कामाला येते. पण एक लक्षात घ्या. सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळण्याची युक्ती बाहेर फुगलेल्या कडेवर छान चालते. तुमची पुढची कड आत गेलेली आहे. तिथे ट्यूब टोकांना दाबते आणि मधे दाबच येत नाही. त्यासाठी तो राखून ठेवलेला गोल तुकडा घ्यायचा. फळी, दोन पट्ट्या आणि तो तुकडा असं एकत्र बसवून क्लॅम्प लावा, सुरुवात मधून, मग दोन्ही टोकांकडे, दर चार-पाच इंचांवर एक. पट्ट्यांच्या जाडीमुळे गोलाईत थोडा फरक पडतो, तो भरून काढायला तुकड्याच्या कडेला ट्यूबचं रबर लावा. रबराखाली पॉलिथिन घाला, नाहीतर तेही चिकटून बसेल. क्लॅम्प कमी असतील तर सुतळीने आवळून लाकडी पाचरी ठोका. आमच्या जुन्या कारागिरांनी क्लॅम्प नसताना असंच काम केलं आहे. पट्टी दोन्हीकडे दोन-दोन इंच जास्त ठेवा आणि सुकल्यावर छाटा.

पट्ट्या फळीला न चिकटवता वेगळ्या साच्यावर करून मग लावायच्या असतील तर त्या थोड्या उघडतात, याचा अंदाज ठेवावा लागतो. हिशोबाने सारख्या जाडीचे दोन थर असतील तर वाकाचा चौथा हिस्सा परत जातो, तीन थरांना नववा, सहा थरांना छत्तिसावा. म्हणजे थरांच्या संख्येचा वर्ग. म्हणूनच गोल काम करणारे जाड दोन थरांऐवजी पातळ सहा थर घेतात. प्रत्यक्षात डिंक आणि लाकूड यांमुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण थर वाढवण्याचा फायदा याहून सोप्या रीतीने सांगता येत नाही.

टोकाचं वळण सगळ्यात नाजूक. ते पाच फळ्यांपैकी एकीतून काढू नका, ती पावणेतीनशेची पट्टी दहा इंच रुंद करून वेगळा भाग बनवा आणि वरच्या फळीच्या टोकाला लाकडी खुंट्या व डिंकाने जोडा. बाहेरून सहा इंच त्रिज्येचं काटकोनी वळण धरू. इथे आतल्या बाजूने आडव्या खाचा मारून वाकवणं मला योग्य वाटतं, कारण या वळणावर वजन येत नाही. वरचा भार ठोकळे आणि ब्रॅकेट घेतात, खालचा उभी फळी घेते. वजन पेलणाऱ्या आडव्या फळीत मी कधीच खाचा मारू देणार नाही.

किती खाचा? १८ पैकी १६ मिलिमीटर खोल कापा, बाहेर २ मिलिमीटरची कातडी राहू द्या. काटकोनात वळताना आतली बाजू बाहेरच्यापेक्षा साधारण २५ मिलिमीटरने आखूड व्हावी लागते. तुमच्या ब्लेडची खाच अडीच मिलिमीटरची असेल तर दहा खाचा. खाचांची संख्या त्रिज्येवर अवलंबून नाही, फक्त कोनावर, खोलीवर आणि खाचेच्या रुंदीवर आहे. त्रिज्या ठरवते त्या किती लांब पसरायच्या हे. तुमच्या वळणाची बाहेरची लांबी २३६ मिलिमीटर आहे, तेव्हा दर २३-२४ मिलिमीटरवर एक खाच. ब्लेड पातळ असेल तर खाचा जास्त आणि जवळजवळ येतील, आणि बाहेरून गोलाई अधिक गुळगुळीत दिसेल. मी स्वतः पातळ ब्लेडच घेईन. आधी टाकाऊ तुकड्यावर एक खाच मारून तिची रुंदी मोजा, ब्लेडच्या पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. खाचा मारताना सरळ पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्पने घट्ट धरून तिच्या कडेने गोल करवतीचं मशीन चालवा. मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून हे काम करतात, तुम्ही करू नका. खोली नेमकी धरता येत नाही आणि मशीन उसळलं तर हातावर येतं.

मग ५.२ इंच, म्हणजे १३२ मिलिमीटर त्रिज्येचा पाव गोल साचा बनवा, खाचांमध्ये डिंक भरा, बाहेरची बाजू गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दमट करा आणि हळूहळू साच्यावर आणा. आवाज आला तर थांबा, पुन्हा दमट करा. इथे पाणी चालतं कारण ते दोन मिलिमीटरला लागतंय, अठराला नाही. पक्कं सुकल्यावर साचा काढून आतून ४ एमएम फ्लेक्सी प्लाय चिकटवा. ती वळण कायमचं बांधून ठेवते आणि खाचाही झाकते. फ्लेक्सी प्लाय एकाच दिशेने वाकते, तेव्हा दुकानात हाताने वाकवून दिशा बघूनच तुकडा घ्या. बाहेरून विनिअर किंवा सनमायका लावला की खाचांच्या पुसट कडा उरत नाहीत.

डिंक पाणी सोसणारा घ्या, फेविकॉल मरीनसारखा. एप्रिल-मेच्या उन्हात तो पसरता पसरता सुकू लागतो, म्हणून चिकटवण्याचं काम सकाळी लवकर करा आणि क्लॅम्प चोवीस तास हलवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याची हवा बघता पॉलिश मारणं टाळा, ओल्या हवेत ते पांढरट पडतं.

उरला प्रश्न आणलेल्या एमआर प्लायचा. भिंत कोरडी असेल तर ती फेकायची गरज नाही, न भिजलेला भाग निर्धास्त वापरा. पण त्या भिंतीच्या मागे बाथरूम असेल किंवा पावसाचा मारा लागून प्लास्टरवर पांढरं फुलत असेल, तर आधी ओल थांबवा आणि या फळ्यांसाठी बीडब्ल्यूआर, म्हणजे पाणी जास्त सोसणारी प्लाय घ्या. दोन्ही बाबतीत भिंतीला लागणारी मागची कड आणि ठोकळ्यांची पाठ बसवण्याआधी सीलरचे दोन हात देऊन बंद करा. फळी लागल्यावर तिथे ब्रश पोहोचत नाही.